डोंगरी डल्सिमर वेगळ्या मापात घडवताना

अमेरिकेतील ॲपलेचियन डोंगररांगांत, म्हणजे केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या दऱ्याखोऱ्यांत, १९व्या शतकात आकाराला आलेले डल्सिमर हे मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे, तीन किंवा चार तारांचे, पडदे असलेले वाद्य आहे. काड्यांनी वाजवायचे आणि संतूरच्या जवळचे जे डल्सिमर असते ते निराळे. येथे त्याचा विचार केलेला नाही. डोंगरी डल्सिमरची मुळे शाइटहोल्ट या जर्मन वाद्यापर्यंत नेली जातात. मात्र डोंगरात ते घडवणाऱ्यांसमोर कारखान्याचा नमुना किंवा छापील आराखडा नव्हता, त्यामुळे मापे गावागणिक बदलत गेली. केंटकीच्या नॉट काउंटीतील जे. एडवर्ड थॉमस डमरूसारख्या कमरेची सडपातळ वाद्ये घडवीत. व्हर्जिनियातील गॅलॅक्सच्या परिसरात थेंबाच्या आकाराची, खोल पेटीची आणि कधी दुहेरी बुडाची वाद्ये घडली, आणि दक्षिण-मध्य टेनेसीत तर सरळ चौकोनी, जड पेटीलाच पट्टी बसवली गेली. पुढे १९५०च्या दशकात केंटकीच्याच जीन रिची यांच्यामुळे हे वाद्य न्यूयॉर्कसारख्या शहरांत पोहोचले आणि तारेची लांबी साधारण २७ ते २९ इंच, म्हणजे ६८५ ते ७३५ मिमी, ही सवयीची झाली.

या सवयीच्या मापाबाहेरचे डल्सिमर घडवायचे असेल, म्हणजे लहान मुलासाठी, प्रवासासाठी, खर्जातल्या आवाजासाठी किंवा दोघांनी मिळून वाजवण्यासाठी, तर पहिला मोह असा होतो की हाती असलेला आराखडा सरसकट पाऊणपट किंवा दीडपट करावा. असे केलेले वाद्य दिसायला देखणे होते, पण बहुधा वाजत नाही, कारण तार, लाकूड आणि हात या तिघांना मापातला बदल वेगवेगळ्या प्रकारे बाधतो. तारेला लांबीचा वर्ग कळतो, पातळ फळीला रुंदीचा वर्ग आणि जाडी कळते, आणि बोटे तर आहेत तेवढीच राहतात. म्हणून पुढील क्रमात पेटीचा आकार बराच उशिरा येतो.

काही शब्द आधी ठरवून घेऊ. खुंट्यांकडच्या टेकणीला अटी आणि दुसऱ्या टोकाच्या टेकणीला घोडी म्हणू, जसे तंबोऱ्याच्या बाबतीत म्हणतो. या दोहोंमधील तारेचा जो भाग कंप पावतो त्याची लांबी म्हणजे कंपनलांबी. पडदे ज्या उंच, अरुंद लाकडावर बसवतात ती पट्टी, आणि पेटीची वरची पातळ फळी ती तबली. पांढरी दोन (हार्मोनियमवरचा पाश्चात्त्य डी हा सूर) हा षड्ज धरला तर आज सर्वांत प्रचलित असलेली जुळणी म्हणजे खालचा सा, त्यावरचा प आणि वरचा सा. वाजवणाऱ्याच्या सर्वांत जवळची वरच्या सा ची तार ही सुरावटीची तार असते आणि तिचा सूर २९३.७ हर्ट्झ असतो.

वाजवणारा आणि त्याचा हात

प्रथम हे ठरवावे की वाद्य कसे वाजवले जाणार आहे. जुन्या पद्धतीत डाव्या हातात नोटर नावाची छोटी काठी धरून ती फक्त सुरावटीच्या तारेवर सरकवतात आणि बाकीच्या तारा अखंड षड्ज-पंचमासारख्या वाजत राहतात. अनेक जुन्या वाद्यांवर पडदेसुद्धा त्या एकाच तारेखाली, तारेच्या छोट्या कंसांसारखे ठोकलेले आढळतात. या पद्धतीत बोटे ताणावी लागत नाहीत, त्यामुळे ७५० मिमीची कंपनलांबीही जाचक होत नाही. याउलट आजची कॉर्डची, म्हणजे तीन सूर एकत्र वाजवण्याची, पद्धत तिन्ही तारांवर एकाच वेळी बोटे मागते, आणि तेथे कंपनलांबीवर मर्यादा हातच घालतो.

ही मर्यादा मोजता येते. वर दिलेल्या जुळणीत खर्जाच्या तारेवर चौथा, मधल्या तारेवर दुसरा आणि सुरावटीच्या तारेवर पहिला पडदा दाबला की प, शुद्ध नि आणि रे हे तीन सूर मिळून एक भरीव कॉर्ड होते, आणि पहिल्या ते चौथ्या पडद्याचे अंतर कंपनलांबीच्या ०.२२३५ पट असते. वाजवणाऱ्याने टेबलावर हात ठेवून, मनगट न वाकवता, अंगठा आणि अनामिका यांच्यात आरामात किती अंतर पडते ते मोजावे आणि त्या अंतराला ०.२२३५ ने भागावे. अंतर १५० मिमी आले तर कंपनलांबी सुमारे ६७० मिमी, आणि १४० मिमी आले तर सुमारे ६२५ मिमी. कष्टाने ताणून आलेले अंतर येथे धरू नये, कारण गाणे एका कॉर्डवर थांबत नाही. लहान हाताच्या प्रौढ व्यक्तीला ७३५ मिमीचे वाद्य देऊन सराव वाढवायला सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यात दोष सरावाचा नसतो.

तारेला काय सोसते

आता सूर. पोलादी तारेबाबत एक गोष्ट सहज पटत नाही, पण सगळे त्यावरच उभे आहे. ठरावीक लांबीची तार कोणत्या सुराला तुटेल हे तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसते. जाड तार अधिक बळकट असते हे खरे, पण त्याच सुराला येण्यासाठी तिला त्याच प्रमाणात अधिक ताणही लागतो, म्हणून दोन्ही बाजू फिटतात. उरतो तो कंपनलांबी आणि कंप्रता यांचा गुणाकार. लांबी मीटरमध्ये आणि सूर हर्ट्झमध्ये घेतला तर गिटारच्या सर्वांत बारीक तारेचा हा गुणाकार सुमारे २१४ येतो (०.६४८ गुणिले ३२९.६), आणि ती तार महिनोन्महिने टिकते. बारा तारांच्या गिटारवर सप्तकभर वर जुळवलेली जी अतिबारीक जी-तार असते तिचा गुणाकार २५४ च्या घरात जातो, आणि ती किती वेळा तुटते हे तसे गिटार वापरणाऱ्याला माहीत असते. म्हणून सुरावटीच्या तारेसाठी २१० ही सुखाची मर्यादा धरावी, २२० ते २३० पर्यंत नाइलाजाने जावे आणि त्यापुढे जाऊ नये.

यातून वेगवेगळ्या मापांचे नैसर्गिक सूर आपोआप मिळतात. सुरावटीची तार पांढरी दोनवर हवी असेल तर कंपनलांबी सुमारे ७१० मिमीपर्यंत चालते. पांढरी पाचवर, म्हणजे ३९२ हर्ट्झला, ती ५३५ मिमीच्या आसपास हवी. ४४० हर्ट्झच्या पांढरी सहावर ४७५ मिमी. आणि नेहमीच्या वाद्याहून पूर्ण एक सप्तक वर, ५८७ हर्ट्झला, ३५५ मिमी. ही शेवटची लांबी म्हणजे नेहमीच्या लांबीची बरोबर निम्मी, आणि म्हणूनच सप्तकभर उंच बोलणारे छोटे डल्सिमर या मापाचे करतात. या सर्व वरच्या मर्यादा आहेत. त्याहून थोडी आखूड लांबी चालते, लांब मात्र चालत नाही.

ताण किती येईल ते आधी काढून ठेवावे. साध्या, वेटोळे नसलेल्या पोलादी तारेसाठी न्यूटनमधील ताण म्हणजे २४,६६० गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले लांबीचा वर्ग गुणिले कंप्रतेचा वर्ग, आणि त्यात व्यास व लांबी मीटरमध्ये घ्यायची. ०.०१० इंच, म्हणजे ०.२५४ मिमी जाडीची तार ७११ मिमी लांबीवर २९३.७ हर्ट्झला आणली तर ताण ६९ न्यूटन, म्हणजे सुमारे ७ किलो येतो. डल्सिमरच्या तारेला साधारण ६ ते ८ किलो ताण मानवतो. त्याखाली ती पडद्यावर लडबडते आणि जोरात छेडली की सूर वर चढून खाली येतो. त्यावर गेली की बोटे दुखतात आणि तबली आखडते.

या सूत्रातला लांबीचा वर्ग विसरू नये. ७११ मिमीऐवजी ६४० मिमीचे वाद्य करून तोच सूर आणि तीच तार ठेवली तर ताण १९ टक्क्यांनी घटतो. उपाय सोपा आहे: लांबी जितक्या पटीने कमी केली तितक्याच पटीने तार जाड घ्यावी, म्हणजे येथे ०.०१० ऐवजी ०.०११ इंच. पण हा उपाय सर्वत्र चालत नाही. ३५५ मिमीच्या छोट्या वाद्याला नेहमीच्या पांढरी दोनवरच बोलायला लावायचे म्हटले तर ०.०२० इंचाची साधी तार लागेल, आणि इतकी आखूड व जाड तार एखाद्या पोलादी कांबीसारखी ताठ वागते. तिचे वरचे स्वरांश सुरापासून सरकतात आणि आवाज ठणठणीत होतो. अशा वाद्याला त्याच्या लांबीला शोभेल त्या उंच सुरावर राहू द्यावे. तेथे ०.०१० इंचाची नेहमीचीच तार नेहमीच्याच ताणाला बसते.

उलट दिशेने, खर्जातल्या वाद्यासाठी, लांबी फारशी वाढवावी लागत नाही. पांढरी सहावर जुळवलेल्या, म्हणजे नेहमीच्या वाद्याहून पाच अर्धस्वरांनी खाली असलेल्या बॅरिटोन डल्सिमरची सुरावटीची तार २२० हर्ट्झची असते, आणि ७३५ मिमी लांबीवर ०.०१३ इंचाची साधी तार तिला ७ किलोच्या आसपास ताण देते. पूर्ण सप्तक खाली असलेल्या मंद्र डल्सिमरला मात्र वेटोळ्याच्या जाड तारा लागतात. सुमारे ७४० मिमी लांबीवर सर्वांत खालच्या, ७३.४ हर्ट्झच्या सुरासाठी ०.०४२ इंचाच्या आसपासची गिटारची तार चालते. खर्ज मिळवण्यासाठी वाद्य मीटरभर लांब करण्याची गरज पडत नाही, हे लक्षात घेतले तर बरेच लाकूड वाचते.

लाकूड कापण्याआधीची पट्टी

येथपर्यंतचे आकडे कागदावर पटले की पेटीला हात न लावता एक चाचणीची पट्टी करावी. कोणत्याही सरळ, टणक लाकडाची ४० मिमी रुंद आणि ३५ ते ४० मिमी उंच काठी घ्यावी, दोन टोकांना खिळे आणि गिटारच्या खुंट्यांचा स्वस्त संच बसवावा, ठरवलेल्या अंतरावर अटी व घोडी म्हणून लाकडाचे तुकडे ठेवावेत आणि तारा चढवाव्यात. आवाज क्षीण येईल, पण त्याची येथे गरज नाही. तार बोटाखाली कशी लागते, ती जुळणीला टिकते का, पडद्यांच्या जागी पेन्सिलीने काढलेल्या रेघांवर हात पोहोचतो का, हे सगळे येथे कळते. वेगळ्या मापाच्या वाद्यात ही पायरी गाळणे म्हणजे पेटीचे लाकूड जुगारावर लावणे आहे.

पडद्यांची आखणी

डल्सिमरचे पडदे गिटारप्रमाणे सर्व अर्धस्वरांचे नसतात. मोकळ्या तारेला सा मानले तर त्यावर रे, ग, म, प, ध, कोमल नि आणि वरचा सा एवढेच सूर मिळतात, म्हणजे आपल्या खमाज थाटाची सप्तकमाला. शुद्ध निषादासाठी सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा घालतात, त्याला साडेसहावा म्हणतात आणि आज बहुतेक वाद्यांवर तो असतो. कोमल गंधारासाठी दीडवा पडदाही काही जण घालतात.

कंपनलांबी कितीही विचित्र असो, अटीपासून पडद्यापर्यंतचे अंतर तिच्या ठरावीक पटीत येते:

पहिला पडदा (रे): ०.१०९१
दीडवा (कोमल ग): ०.१५९१
दुसरा (ग): ०.२०६३
तिसरा (म): ०.२५०८
चौथा (प): ०.३३२६
पाचवा (ध): ०.४०५४
सहावा (कोमल नि): ०.४३८८
साडेसहावा (शुद्ध नि): ०.४७०३
सातवा (वरचा सा): ०.५

वरच्या सप्तकासाठी निराळी यादी लागत नाही. खालच्या सप्तकातील अपूर्णांक निम्मा करून त्यात ०.५ मिळवावे, आठवा पडदा ०.५५४६ येतो, दहावा ०.६२५४. प्रत्येक अंतर अटीपासूनच मोजावे. एका पडद्यापासून पुढच्या पडद्यापर्यंत मोजत गेल्यास अर्ध्या मिलिमीटरची चूक साचत जाते, आणि ३५० मिमीच्या वाद्यावर अर्धा मिलिमीटर कानाला खटकतो. लांब वाद्यावर तेवढी चूक खपून जाते, म्हणून लहान वाद्याची आखणी धारदार सुरीच्या टोकाने करावी, पेन्सिलीने नव्हे.

लहान मापात बोटांचा प्रश्न येथेच उभा राहतो. ३५० मिमीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांमध्ये १५.६ मिमी जागा मिळते, ती पुरते. सहावा ते साडेसहावा ११ मिमी, तेथे बोट तिरपे ठेवावे लागते. वरच्या सप्तकात नवव्या-दहाव्या पडद्यांमध्ये ७.८ मिमी उरतात आणि साडेतेराव्या पडद्यापाशी तर साडेपाच मिमी, जेथे प्रौढ माणसाचे बोट मावतच नाही. तेव्हा छोट्या वाद्यावर दहाव्या पडद्यावर थांबावे. त्याचा आणखी एक फायदा होतो. दहावा पडदा अटीपासून २१९ मिमीवर येतो आणि घोडीपर्यंत १३१ मिमी मोकळे राहतात, ज्यात छेडण्यासाठीची खाच नीट बसते. चौदा पडदे घातले तर ८८ मिमीच उरतात आणि छेडणारा हात पडद्यांवर आपटतो.

पट्टीची रुंदी आणि उंची

पट्टीच्या रुंदीला लांबीचा नियम मुळीच लावू नये. ३५ ते ४० मिमी रुंदी आणि बाहेरच्या तारांमध्ये २५ ते २८ मिमी अंतर हे प्रौढ बोटांसाठी असते, मग वाद्य हातभर असो वा पसाभर. मुलांसाठी घडवताना ३२ मिमीपर्यंत उतरता येते. सुरावटीची तार जोडीची असेल तर त्या दोन तारांमध्ये सुमारे ३ मिमी ठेवावे.

उंची मात्र बदलता येते, आणि लहान वाद्यात ती बदललीच पाहिजे. पट्टी ही तबलीला लांबभर चिकटलेली तुळई आहे. तारांचा ताण तिला वर वाकवू पाहतो आणि ती किती वाकेल हे लांबीच्या वर्गावर आणि उंचीच्या घनावर ठरते. ताण तोच ठेवून लांबी निम्मी केली तर तुळईचा ताठपणा एक चतुर्थांश पुरतो, म्हणजे नेहमीच्या २० मिमी उंचीऐवजी १३ मिमी. ती २० मिमीच ठेवली तर पट्टी हलत नाही, तारांची ऊर्जा तबलीत उतरत नाही आणि आवाज किरटा येतो. बरेच कारागीर पट्टी खालून पोखरून हलकी करतात. बॅरिटोनसारख्या मोठ्या वाद्यात उंची न घटवता असे पोखरणे जास्त शहाणपणाचे, कारण तेथे ताठपणा हवा असतो आणि वजन नको असते. केंटकीचे होमर लेडफोर्ड यांच्यासारख्या, हजारो डल्सिमर घडवलेल्या कारागिरांना हा हिशेब हाताच्या सवयीने कळत असणार. एकच वाद्य घडवणाऱ्याने तो कागदावर मांडावा.

पेटी: लहान वाद्य गुटगुटीत हवे

आता कुठे पेटी. नेहमीच्या डल्सिमरची पेटी रुंद भागात १६५ ते १८० मिमी रुंद, ४० ते ५० मिमी खोल आणि तबली २.५ ते ३ मिमी जाड असते. पट्टी तबलीच्या मधोमध बसल्यामुळे प्रत्यक्षात आवाज करणारे भाग म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचे मोकळे पंख. १७० मिमीच्या पेटीत ३८ मिमीची पट्टी बसवली की प्रत्येक पंख ६६ मिमीचा उरतो. पेटी १२० मिमीवर आणली तर पंख ४१ मिमीचा होतो, कारण पट्टी तेवढीच राहिली. पातळ फळीचा स्वतःचा सूर जाडीच्या प्रमाणात आणि रुंदीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात चढतो, म्हणजे येथे तो अडीचपटीहून अधिक चढला. तबली ३ ऐवजी २ मिमी केली तरी त्यातली जेमतेम दीडपट भरून निघते.

म्हणून सप्तकभर उंच, ३५० मिमीच्या वाद्याची पेटी मी १४० ते १५० मिमी रुंद ठेवेन, खोली ३५ ते ४० मिमी आणि तबली २ मिमी. असे वाद्य रेखाटनात आखूड आणि जाडसर दिसते, आणि सडपातळ डमरू डोळ्यासमोर असलेल्या माणसाला ते आवडत नाही. तरीही तसेच करावे. एकूण लांबी मात्र ५५ सेंटीमीटरच्या खाली नेऊ नये, नाहीतर ते दोन्ही मांड्यांवर टेकत नाही आणि मधून घसरते. तेवढ्यानेही भागले नाही तर पाठीला रबराची पातळ चटई लावणे हा साधा उपाय आहे.

खर्जाच्या वाद्यात उलट करावे: लांबी जवळजवळ तीच, पण रुंदी २०० मिमी आणि खोली ६० मिमी. खोलीचा परिणाम पेटीतल्या हवेवर होतो. पोकळी आणि तबलीवरची छिद्रे मिळून हवेचा एक स्वतःचा सूर असतो, आणि बाकी सारे तेच ठेवून खोली दुप्पट केली तर तो हिशेबाने सहा अर्धस्वरांनी उतरतो. ४५ मिमीवरून ६० मिमीवर नेली तर सुमारे अडीच अर्धस्वरांनी. लाकूड स्वतः हलत असल्याने प्रत्यक्षातला फरक थोडा कमी भरतो, पण दिशा तीच राहते. गॅलॅक्सच्या खोल पेट्यांचा भरदार आवाज याच कारणाचा आहे. दुहेरी बुडाची गोष्ट वेगळी. ते जादा बूड खऱ्या पाठीला मांडीपासून दूर ठेवते आणि पाठ मोकळी कंपते. जड पेटीच्या, मोठ्या आवाजाच्या वाद्यासाठी ती रचना उचलण्यासारखी आहे.

छिद्रांबाबत घाई करू नये. ती आधी थोडी लहान कापावीत, तारा चढवून ऐकावे, मग हळूहळू वाढवावीत. छिद्र मोठे केले की हवेचा सूर चढतो आणि आवाज उजळतो, लहान राहिले की तो उतरतो. चार छिद्रे असतील तर त्यांतली एक-दोन चिकटपट्टीने बंद करून पाहिले की लाकूड न गमावता हा फरक ऐकू येतो. हृदयाचा आकार, हिरा, एफ-छिद्र यांपैकी काय कापावे हा नजरेचा प्रश्न आहे, कारण कानाला प्रामुख्याने क्षेत्रफळ कळते. हीच गोष्ट पेटीच्या बाह्यरेषेची. डमरू, थेंब की चौकोन यावरून जितके वाद होतात तितका फरक आवाजात पडत नाही, आणि वेगळेपणा मिरवायचा असेल तर तो येथे खुशाल मिरवावा.

लाकडाबद्दल थोडेसेच. अमेरिकेत अक्रोड, चेरी आणि पॉपलर ही पाठ व बाजूंसाठी आणि स्प्रूस किंवा सीडर ही तबलीसाठी नेहमीची. महाराष्ट्रात घडवणाऱ्याने मिरजेच्या सतारींत वापरले जाणारे तून तबलीला वापरून पाहावे आणि पट्टीला शिसम घ्यावे. सागवान तबलीला जड पडते. मुरलेले लाकूड हवे, एवढी अट सोडू नये.

घोडी, अटी आणि तारेची उंची

डल्सिमर वादकांमध्ये तारेची उंची तपासण्याची एक जुनी रीत आहे: पहिल्या पडद्याशेजारी दहा सेंटचे अमेरिकन नाणे आणि सातव्या पडद्यावर पाच सेंटचे नाणे तारेखाली जेमतेम सरकले पाहिजे. ही नाणी अनुक्रमे १.३५ मिमी आणि १.९५ मिमी जाड असतात. ७०० मिमीच्या वाद्याला हे माप चांगले आहे, पण ३५० मिमीच्या वाद्याला तेच लावले तर तार दाबताच सूर चढतो. तार खाली दाबताना ती किंचित ताणली जाते, आणि हा ताण उंची भागिले लांबी याच्या वर्गाने वाढतो. तीच उंची निम्म्या लांबीवर चौपट बेसूर करते. छोट्या वाद्यावर सातव्या पडद्यापाशी १.२ मिमीच्या आसपास उतरावे आणि त्यासाठी पडद्यांची डोकी एका सपाटीत घासून घ्यावीत, नाहीतर तार झणझणते.

उरलेली चूक घोडी मागे सरकवून काढतात. घोडी आधीच चिकटवू नये. ती मोकळी ठेवून मोकळ्या तारेचा सूर आणि सातव्या पडद्यावरचा सूर यांत बरोबर सप्तकाचे अंतर येईपर्यंत हळूहळू मागे न्यावी. पडद्यावरचा सूर चढा असेल तर मागे, उतरा असेल तर पुढे. साधारण १ ते ३ मिमी सरकवावे लागते, आणि साध्या जाड तारेला बारीक तारेपेक्षा जास्त. म्हणून घोडी किंचित तिरपी बसली तर ते योग्यच आहे.

दोघांचे डल्सिमर

सर्वांत चमत्कारिक प्रमाणाचे वाद्य म्हणजे एका रुंद पेटीवर दोन पट्ट्या असलेले कोर्टिंग डल्सिमर. प्रियकर-प्रेयसीने समोरासमोर बसून, गुडघे जुळवून ते वाजवावे आणि पलीकडच्या खोलीतल्या आईवडिलांनी दोन्ही सुरावटी ऐकू येत आहेत तोवर निश्चिंत असावे, अशी गोष्ट त्याबद्दल सांगतात. वाजवणारे समोरासमोर असल्यामुळे एका पट्टीच्या खुंट्या एका टोकाला आणि दुसरीच्या दुसऱ्या टोकाला येतात. दोन्ही पट्ट्यांच्या मध्यरेषांत १३ ते १५ सेंटीमीटर अंतर नसेल तर छेडणारे हात समोरच्याच्या पडद्यांवर जातात. सहा ते आठ तारांचा एकूण ताण ४० ते ६० किलोपर्यंत जातो, म्हणून टोकाचे ठोकळे भरीव ठेवावेत आणि पाठीला आडव्या दांड्या नेहमीपेक्षा जवळ द्याव्यात. दोन्ही पट्ट्यांची कंपनलांबी सारखीच असावी असे मात्र नाही. एक ७०० मिमीची आणि दुसरी ५३० मिमीची ठेवून, दुसरी पांढरी पाचवर जुळवली तर दोन सुरावटी एकमेकींत न मिसळता निराळ्या ऐकू येतात.

अनोळखी मापाचे वाद्य हाती आल्यास

अनेकांचा वेगळ्या मापाशी संबंध घडवताना नव्हे तर जुने, कुणीतरी हाताने घडवलेले वाद्य मिळाल्यावर येतो. अशा वाद्यावर नेहमीच्या तारा चढवून नेहमीचीच जुळणी लावणे धोक्याचे असते. प्रथम अटीपासून सप्तकाच्या पडद्यापर्यंत मोजावे आणि ते दुप्पट करावे. ही झाली त्याची ठरवलेली कंपनलांबी. घोडी मोकळी असेल आणि भलत्याच जागी सरकली असेल तर तिची योग्य जागा याच मोजमापातून सापडते. मग २१० ला मीटरमधील लांबीने भागावे. ६०० मिमीच्या वाद्याला ३५० हर्ट्झ येतात, म्हणजे पांढरी चार. ८०० मिमीच्या लांबोड्या वाद्याला २६२, म्हणजे पांढरी एक. सुरावटीची तार या सुरावर किंवा त्याखाली राहील अशी जुळणी निवडावी आणि वरच्या सूत्राने तारेची जाडी काढावी.

पडदे वरील यादीशी जुळत नसतील तर ते लगेच उपटू नयेत. कानाने पडदे बसवलेल्या जुन्या वाद्यांत गंधार किंवा निषाद थोडा हललेला आढळतो, आणि अखंड वाजणाऱ्या षड्ज-पंचमाच्या सोबतीला तो बऱ्याचदा गोडच लागतो. फक्त एकाच तारेखाली पडदे असतील तर ते वाद्य नोटरसाठीचे समजावे आणि त्यावर कॉर्डचा हट्ट धरू नये. पेटीला भेगा असतील किंवा पट्टी दोन्ही टोकांना उचलली गेली असेल, तर पहिल्या आठवड्यात तारा ठरलेल्या सुराच्या एक संपूर्ण स्वर खाली ठेवाव्यात, रोज सरळ पट्टी लावून वाक वाढतो का ते पाहावे आणि तो वाढत नसेल तरच अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढावे.